मिश्र गटाचं समूहगान बसवायचंय? सुरुवात पट्टीपासून करा

प्रश्न असा आलाय. ठाण्यातल्या एका मोठ्या सोसायटीत समूहगानाचा ग्रुप सुरू झालाय, तीसेक माणसं, प्रॅक्टिस दर मंगळवारी संध्याकाळी सातला, शिकवणाऱ्या ताईंची शास्त्रीय गाण्याची मध्यमा परीक्षा पूर्ण झालेली, पेटी स्वतः वाजवतात. गटात सोसायटीतल्या मराठी बायका जास्त, शिवाय दोन ख्रिश्चन कुटुंबं, काही बौद्ध, एक तमिळ आजी, गुजराती शेजारी, रिटायर झालेले काका लोक, सातवी-आठवीतली मुलं, आणि सोसायटीत घरकाम करणाऱ्या दोघी-तिघी ज्यांनी स्वतःहून विचारलं की आम्ही आलो तर चालेल का. दोन महिन्यांत गळती लागली आणि गळाली ती नेमकी हीच सगळी, राहिल्या त्या एकमेकींना आधीपासून ओळखणाऱ्या. ताई म्हणतात, मी सगळ्यांशी सारखंच वागते, कुणाला कधी काही बोलले नाही, तरी असं का होतंय आणि मी काय बदलू?

ताई, तुम्ही सारखं वागता यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण ते सारखं कुणाच्या मापाचं आहे ते बघायला लागेल. पट्टी तुमच्या गळ्याची, गाणी तुमच्या घरात ऐकली जाणारी, चांगला आवाज कशाला म्हणायचं ते तुमच्या क्लासमध्ये ठरलेलं, वेळ तुमच्या सोयीची, मग बाकीच्यांनी फक्त येऊन त्यात बसायचं. मी असे मिश्र गट बरीच वर्षं बसवतेय आणि माझं ठाम मत आहे की आलेल्या माणसांप्रमाणे गाणं बदलायचं असतं, ते बदललं की माणसं टिकतात, त्यासाठी एकोप्यावर वेगळं भाषण करायला लागत नाही.

पट्टीपासून सुरू करते, म्हणजे गाण्याचा सा पेटीच्या कुठल्या सुरावर धरायचा त्यापासून, कारण अर्धी माणसं तिथेच जातात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. बहुतेक बायका काळी चार नाहीतर काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या किंवा पाचव्या काळ्या सुरावर सा धरून शिकलेल्या असतात आणि गट बसवतानाही हात आपोआप तिथेच जातो. पुरुषांचा सा साधारण काळी एक-दोनच्या आसपास. तुम्ही काळी पाच धरलीत आणि मुखडा सा च्या आजूबाजूला फिरणारा असेल तर खालच्या सप्तकात काकांचा आवाज नुसती गुणगुण होतो, आणि तेच एक सप्तक वर घेतलं की अंतऱ्याला मानेच्या शिरा दिसायला लागतात. दोन-तीन वेळा असं झालं की माणूस घरी जाऊन सांगतो, आपल्याला काही जमत नाही बुवा गाणंबिणं.

त्यामुळे सा कुठला हा प्रश्न बाजूला ठेवा, आणि ते गाणं खाली कुठपर्यंत उतरतं आणि वर कुठपर्यंत चढतं एवढं पेटीवर बघा. सर्वात खालचा सूर खालच्या पांढरी सहाच्या खाली जायला नको आणि सर्वात वरचा सूर वरच्या पांढरी दोनच्या फारसा पुढे जायला नको, बायका त्या सप्तकात आणि पुरुष बरोबर एक सप्तक खाली, या चौकटीत बहुतेक मोठी माणसं न ताणता गातात. म्हणजे मंद्र पंचमाला, खालच्या सप्तकातल्या प ला जाणारं गाणं वेगळ्या पट्टीत आणि सा च्या खाली न उतरणारं गाणं वेगळ्या पट्टीत, दर गाण्याला पट्टी बदलायची, त्यात कमीपणा काही नाही. मुलांना मधल्या पांढरी एकच्या खाली नेऊ नका, तिथे त्यांचा आवाज पोचत नाही आणि मग ती ओरडतात. साठीच्या पुढच्या बायकांचा आवाज बऱ्याचदा खाली उतरलेला असतो, त्यांना वरचा सूर लावायचा आग्रह करू नका, पुरुषांच्या रांगेतल्या वरच्या सुरात त्या मस्त बसतात. आणि एखादं गाणं चौकटीत बसतच नसेल तर मुखडा सगळ्यांनी आणि अंतरा ज्यांचा पोचतो त्यांनी, भजनात हे कायमच चालतं, एकाने चरण म्हणायचा आणि बाकीच्यांनी धृपद उचलायचं.

याच्याच जोडीची गोष्ट म्हणजे शिकवणारी बाई असेल तर काही पुरुषांना सूर सापडतच नाही. ते बेसूर नसतात, तुम्ही एक सप्तक वर गाताय आणि ते त्याच उंचीवर पोचायला बघतायत म्हणून गोंधळ होतो. गटातल्याच सुरात गाणाऱ्या एखाद्या काकांना ती ओळ म्हणायला सांगा, बाकीचे पटकन पकडतात. आणि जो खरंच चाचपडतोय त्याला पेटीवरचा सूर देऊन ‘हा लावा’ म्हणण्यापेक्षा उलटं करा, त्याला जो सहज निघेल तो सूर काढू दे, तुम्ही पेटीवर तो शोधा, तुम्ही त्याच्या सुराला सूर मिळवा, मग तिथून अर्ध्या-अर्ध्या सुराने दोघं मिळून सरका. पाच मिनिटांचं काम आहे आणि प्रॅक्टिस संपल्यावर बाजूला बसून करायचं, सगळ्यांसमोर नाही. ज्यांना सुरातला फरक खरंच कळत नाही अशी माणसं फार थोडी असतात. उरलेल्यांना शाळेत कधीतरी कुणीतरी ‘तू फक्त ओठ हलव’ असं सांगितलेलं असतं, आणि ते वाक्य माणूस पन्नास वर्षं विसरत नाही हो, मी रिटायर झालेल्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघितलंय हे सांगताना. तुमच्या गटात हे वाक्य कुणीही कुणाला म्हणायचं नाही, गंमतीतही नाही.

रांगा लावताना ‘बायका इकडे, पुरुष तिकडे’ असं करू नका, वरची रांग आणि खालची रांग असं म्हणा आणि ज्याचा आवाज जिथे बसतो तिथे तो बसेल. यात आवाज फुटणारी मुलं पण येतात, बारा ते पंधरा वयातली. आज लागलेला सूर पुढच्या आठवड्यात लागत नाही, त्यांना चार-पाच सुरांत बसणारी ओळ वेगळी करून द्या आणि गात ठेवा, ‘आवाज सुधारला की ये’ असं सांगितलं तर तो मुलगा परत येत नाही. तृतीयपंथी किंवा ट्रान्स व्यक्ती गटात आली तर तिथेही हेच. टेस्टोस्टेरॉन घेतल्यावर आवाज खाली उतरतो आणि तो परत वर जात नाही, इस्ट्रोजेनने मात्र फुटलेला आवाज वर चढत नाही, म्हणजे ताई म्हणून वावरणारी व्यक्ती खालच्या रांगेतला सूर लावत असेल तर त्यात विशेष काही नाही आणि कुणी वळून बघायचंही कारण नाही. पोशाखावरून आवाज ठरवायचा नाही, एवढं साधं आहे.

आता पहिली पंधरा मिनिटं. मला जवळजवळ खात्री आहे की तुम्ही ओंकाराने सुरुवात करता आणि मग गणेशवंदना. तुमच्या मनात त्यात काही नसतं, क्लासमध्ये तसंच शिकलो आपण. पण बौद्ध सभासदाच्या जागी बसून बघा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षेच्या वेळी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या त्यात गौरी-गणपती आणि राम-कृष्ण यांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही असं स्पष्ट आहे. घरात ती प्रतिज्ञा मानली जाते, आजीआजोबांनी मोठी किंमत देऊन मानलीये, आणि इथे दर मंगळवारी पहिलंच गाणं ते. तो माणूस भांडणार नाही, एक दिवस यायचा थांबेल आणि विचारलंत तर सांगेल, ऑफिसचं काम वाढलंय. ख्रिश्चन, मुस्लिम घरांतूनही थोड्याफार फरकाने हेच. ओंकाराचं काम गळा मोकळा करणं असेल तर तोंड मिटून ‘म्म्म’ करा, ओठ थरथरवत लहान मुलं गाडी चालवल्याचा आवाज काढतात तसं सूर वरखाली न्या, ‘आऽऽ’ असा आकार लावा, गळ्याला तितकाच फायदा होतो. आणि पहिलं गाणं पावसाचं असू दे, कामाचं असू दे, प्रवासाचं, खेळाचं, काहीही ज्यात कुणाला मान खाली घालून बसायला लागत नाही.

याचा अर्थ भक्तीची गाणी काढून टाका असा अजिबात नाही, महाराष्ट्रातलं एकत्र गाणं निम्म्याहून जास्त भक्तीचंच आहे, ते काढलं तर काय उरेल. फक्त नियम आधी सांगून ठेवायचा की कुठलंही गाणं कुणालाही न म्हणायची मोकळीक आहे आणि कारण विचारलं जाणार नाही. जागेवर बसून ऐकायचं, बाहेर जायचं नाही, त्यावर बोलायचं नाही. आणि मग तो नियम तुम्हीच एकदा वापरून दाखवा. यातच हेही येतं की देवाचं गाणं आहे म्हणून पाळीच्या दिवसांत आज मी गात नाही असं एखादी स्वतःहून म्हणाली तर तो तिचा प्रश्न, पण दुसऱ्या कुणी तिला तसं सांगायचं नाही, क्लबहाऊस हे क्लबहाऊस आहे.

गाण्यांच्या निवडीत सगळ्यात जास्त चुकतं ते असं की नाताळात एक ख्रिश्चन गाणं, १४ एप्रिलला एक भीमगीत, झालं, सगळ्यांना सामावून घेतलं. त्या माणसाला बरोबर कळतं की आपल्याला वर्षातून एक दिवस मिळालाय. शिवाय त्याच्याबद्दल आपण जे धरून चाललोय तेही बरेचदा चुकीचं असतं. ठाणे-वसई पट्ट्यातलं ख्रिश्चन कुटुंब ईस्ट इंडियन, म्हणजे इथलंच मूळचं कॅथलिक, असेल तर त्यांची लग्नाची गाणी त्यांच्या मराठी बोलीतली आहेत, तुम्ही त्यांच्यासाठी इंग्रजी कॅरोल शोधताय आणि त्यांच्या घरात उंबराच्या पाण्याच्या विधीची गाणी पडून आहेत. नगर-पुण्याकडचं प्रोटेस्टंट घर असेल तर ते ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांच्या अभंग-ओवीच्या वळणाच्या भजनांवर वाढलेले असतील, ‘उपासना संगीत’ हे भजनांचं पुस्तक घरात असेल, टाळ-पेटी त्यांना तुमच्याइतकीच ओळखीची. तुमच्या तमिळ आजींना एकदा विचाराच की अभंग येतात का. तंजावरला १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं, तिकडच्या नामसंकीर्तनात मराठी अभंग आजही म्हणतात, चाल वेगळी आणि उच्चार वेगळे, आणि मी पैजेवर सांगते की त्या आजींना तुकारामांचा एखादा अभंग तुम्हाला माहीत नसलेल्या चालीत येत असणार. आणि आंबेडकरी लोककवी वामनदादा कर्डकांची गाणी तर मराठीतलं समूहाने म्हणायचं मोठं भांडार आहे, १९२२ ला सिन्नर तालुक्यात जन्मलेला हा माणूस गावोगाव गात हिंडला, ती गाणी फक्त जयंतीला काढायची हा आपलाच तोटा.

म्हणून यादी तुम्ही करू नका. प्रत्येकाला सांगा की घरातलं एक गाणं आणायचं, आजी-आईकडून आलेलं, वस्तीतलं, चर्चमधलं, शेतातलं, आणि ज्याचं गाणं त्यानेच शिकवायचं. तुम्ही तेव्हा पेटीमागून उठायचं आणि बाकीच्यांत जाऊन बसायचं. हे वाचायला सोपं वाटतं पण शिकवणाऱ्याला जड जातं, कारण समोर जे होतं ते आपल्या सवयीत बसत नाही. माझ्या एका गटात एक आगरी ताई हळदीचं गाणं शिकवत होत्या. त्यांनी ओळ सुरू केली ती शब्दाच्या मधूनच श्वास घेऊन, शेवटचं अक्षर लांब धरलं, आणि ते धरलेलं असतानाच समोरच्या अर्ध्या बायकांनी पुढची ओळ उचलायची, म्हणजे दोन ओळी एकमेकींवर थोडा वेळ चढतात आणि गाणं कुठेच थांबत नाही. आमच्या बायका प्रत्येक ओळ संपली की सवयीने थांबत होत्या, एक-दोन-तीन मोजत होत्या. ताई म्हणाल्या, ‘अगं थांबता कशाला, मांडवात थांबलं का कुनी?’ पेटीवाल्याने सूर शोधायला घेतला तर त्यांचा गंधार, म्हणजे ग, पेटीच्या दोन सुरांच्या मधे पडत होता आणि पेटीच्या गंधारावर सगळे गेले की गाणं एकदम शाळेच्या प्रार्थनेसारखं सपाट वाटायला लागलं. पेटी बंद केली. टाळ्यांवर घेतलं. वीसेक मिनिटांत बसलं, आणि त्या ताई, ज्या आधी मागच्या कोपऱ्यात बसायच्या, त्या दिवसानंतर मधे बसायला लागल्या.

पेटीवरून आठवलं, आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीवर बंदी ठेवली होती, त्यावर वाद भरपूर झालेत आणि पेटीशिवाय आपलं चालत नाही हेही खरं. पण लोकगीत शिकताना पहिली दोन-तीन आवर्तनं पेटीशिवाय करा, तंबोऱ्याचं ॲप लावा फारतर. चालीचा खरा आकार आधी कानात जाऊ दे.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते त्यावर येते, चांगला आवाज. आपल्या मध्यमवर्गीय मराठी कानांना गोड, मऊ, भावगीताचा आवाज म्हणजे चांगला आवाज अशी सवय लागलीये. मग कोळीवाड्यातला मोकळ्या गळ्याचा आवाज, शाहिराचा, दिंडीतल्या टाळकऱ्याचा, शेतात एका बांधावरून दुसऱ्या बांधावर पोचणारा आवाज, याला आपण हळूच ‘जरा कर्कश’ म्हणतो, ‘थोडं मऊ घ्या ना ताई’ म्हणतो. त्या बाईला एवढंच ऐकू येतं की तुझा आवाज इथला नाही. आणि खरं सांगायचं तर यात जात आणि वर्ग दोन्ही आहेत, मोकळ्या आवाजाला खालचं मानायची सवय गाण्याच्या शास्त्रातून आलेली नाही. १९४४ मध्ये शाहीर अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक उभं राहिलं ते गिरणगावातल्या मैदानांवर माईक असो नसो ऐकू जाणाऱ्या गळ्यांवर. बरं, अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब पटेल, मराठी समूहगानात कोण कुठून आलं ते बघायला लागलं तर असं पदोपदी दिसतं.

चर्चच्या कॉयरमध्ये सगळे आवाज एकमेकांत विरघळलेले हवे असतात, एकाचाही आवाज वेगळा दिसायला नको, आणि ती फार सुंदर गोष्ट आहे, मुंबईत परांज्योती कोरससारख्या गटांनी ती कमावलीये १९५६ पासून. दिंडीत तसं नसतं. तिथे वीणेकरी, चाल म्हणणारा, तापलेला तरुण गळा, घोगरा म्हातारा, सगळे वेगवेगळे ऐकू येतात आणि तरीही एक असतात, जो तो चालीला आपापल्या हरकती जोडतो. दोन्ही एकत्र गाणंच आहे. तेव्हा गाणं कुठल्या घरचं आहे त्याप्रमाणे आवाज मागा. कॅरोल म्हणताना शहरी-गावठी सगळ्यांनी आवाज गोल करायला शिकायचं, आणि कोळीगीत म्हणताना भावगीतवाल्या बायकांनी गळा उघडायला शिकायचं. दोन्हीकडून मेहनत झाली पाहिजे, एकाच बाजूने कायम नाही. मोकळा आवाज लावताना गळा दाबायचा नाही, पोटातून हवा आणि जबडा सैल, हे कोळी-आगरी ताईंकडूनच शिका, त्या तासन् तास गातात आणि त्यांचा घसा बसत नाही.

स्वरमेळाचंही तेच. आजकाल समूहगान म्हटलं की लगेच प्रत्येक गाण्याला वरखाली दोन सूर जोडायचे अशी पद्धत आलीये. संगीतकार सलील चौधरींनी बॉम्बे यूथ कॉयरमध्ये भारतीय चालींना स्वरमेळ दिला तो चालीचा स्वभाव ओळखून. गोव्याचा मांडो हा गाण्याचा प्रकार म्हणाल तर तो मुळातच दोन आवाजांचा, तिसऱ्या आणि सहाव्या सुराच्या अंतराने दोन्ही आवाज बरोबर चालतात, त्यातला खालचा आवाज काढला तर मांडो लंगडा होतो. पण रागात बांधलेल्या अभंगाला सरसकट तिसरा सूर जोडला की रागात नसलेले सूर शिरतात आणि तो अभंग कुणाचाच राहत नाही. तिथे काय करता येतं? एका रांगेने सा धरून ठेवायचा, रागात पंचम असेल तर सा-प, एका रांगेने सप्तक वर, एकाने चरण आणि बाकीच्यांनी धृपद. पोवाडा असेल तर झील, म्हणजे शाहिराच्या मागे साथीदार धरतात तो सूर. झीलकऱ्यांचं ‘जी जी जी’ दोन-तीन सुरांत असतं पण त्याच्याशिवाय शाहीर उभाच राहू शकत नाही, म्हणजे ज्या माणसाचा आवाज फार फिरत नाही, ज्याला शब्द पाठ होत नाहीत, ज्याचं वय झालंय, त्याला गाण्यातलं महत्त्वाचं काम मिळतं, दया म्हणून दिलेलं नाही.

शब्दांबद्दल. ज्याच्या बोलीतलं गाणं त्याचा उच्चार शेवटचा. बहिणाबाईंच्या कविता खानदेशातल्या लेवा गणबोलीत आहेत आणि गट त्या म्हणताना हळूहळू पुणेरी करून टाकतात, कुणी मुद्दाम करत नाही, जीभ तिकडे वळते. खानदेशाकडचा कुणी गटात असेल तर त्याला समोर उभं करा आणि ओळीओळीने त्याच्यामागून म्हणा. आणि प्रमाण मराठीतलं गाणं असताना कुणी ‘पानी’ म्हणालं तर सगळ्यांसमोर ‘पाणी, ण, ण’ करत बसू नका. तीस माणसांच्या आवाजात तो ण ऐकूही येत नाही, पण ते टोकणं त्या बाईला आठवडाभर ऐकू येतं. सगळ्यांनाच एखादा शब्द स्पष्ट व्हायला हवा असेल तर पूर्ण गटाला एकत्र म्हणायला लावा, संपलं.

शिकवायची पद्धत तोंडी ठेवा, मी म्हणते मग तुम्ही म्हणा. आपल्याकडे दिंडीपासून भोंडल्यापर्यंत सगळं असंच आलंय आणि यात वाचता न येणारी व्यक्ती मागे पडत नाही. व्हॉट्सॲपवर गाण्याचा कागद टाकता तसे एकेका ओळीचे छोटे ऑडिओ पण टाका, वरच्या रांगेचा वेगळा आणि खालच्या रांगेचा वेगळा. कागद मोठ्या अक्षरात, देवनागरीत. गटात कुणी गोव्याकडचं असेल, तिकडे चर्चच्या शाळांमधून सॉल्फेजो, म्हणजे डो-रे-मी म्हणत नोटेशन वाचून गाणं, शिकवायची जुनी परंपरा आहे, तर त्यांना नोटेशन लिहून ठेवायला सांगा, त्यांची विद्या वाया घालवू नका. हात हलवून ताल दाखवायचा तर कॉयरवाल्यांना ते समजतं, भजनी मंडळातल्या माणसाला नाही, तो टाळ ऐकतो आणि पुढच्याचा श्वास ऐकतो. म्हणून सुरुवात करताना सगळ्यांना ऐकू येईल असा श्वास घ्या. दृष्टिहीन सभासद असेल तर त्याचं सगळं या श्वासावरच चालतं. ऐकायचं यंत्र लावणाऱ्यांना अर्धवर्तुळात टोकाला न बसवता तुमचं तोंड दिसेल असं मधे बसवा, बऱ्याच यंत्रांत संगीतासाठी वेगळं सेटिंग असतं, ते करून घ्यायला सांगा, आणि ज्यांच्या कानात शस्त्रक्रियेने बसवलेलं यंत्र, कॉक्लिअर इम्प्लांट, आहे त्यांना सुरापेक्षा ताल चांगला पकडता येतो हे लक्षात ठेवून काम द्या.

बसायचं सगळ्यांनी एकसारखं. काहीजण खुर्चीत आणि काहीजण सतरंजीवर, आणि सतरंजीवर नेमक्या घरकाम करणाऱ्या ताई, असं दृश्य मी इतक्या ठिकाणी बघितलंय. गुडघे दुखणाऱ्यांमुळे खुर्च्या लागतातच, मग सगळ्यांनाच खुर्च्या. हाक सगळ्यांना नावापुढे ताई-दादा, एकीला मॅडम आणि दुसरीला नुसतं नाव असं नको. वॉचमनला तुम्ही स्वतः जाऊन सांगा की मंगळवारी या ताई रहिवाशांच्याच लिफ्टने येतील, हे सेक्रेटरीशी बोलून लेखी घेतलंत तर उत्तम, कारण एकदा का लिफ्टपाशी कुणी अडवलं की वर तुम्ही कितीही प्रेमाने गाणं शिकवा, ती परत यायची नाही. संध्याकाळी सात ही वेळ स्वयंपाकाची, स्वतःच्या घरच्या आणि लोकांच्या घरच्याही, त्यांना विचारा कुठली वेळ जमते, दुपारी तीन असेल तर महिन्यातून दोनदा दुपारी तीन. रमजानमध्ये कुणी रोजा ठेवत असेल तर इफ्तारच्या वेळेवर प्रॅक्टिस नको. कार्यक्रमाला पैठणी आणि नथ ठरवू नका, रंग ठरवा, ज्याच्याकडे जे कपडे आहेत त्यातला.

कुणाकडून गाणं घेताना विचारून घ्या. सगळीच गाणी स्टेजवर म्हणायची नसतात. वारली लग्नात धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, जे गाते ते तिच्या अधिकारातलं गाणं आहे, जागरण-गोंधळातल्या काही गोष्टी विधीचा भाग आहेत, यूट्यूबवर सापडलं म्हणून उचलायचं नाही. आणि म्हणायला हो म्हणाले तर कार्यक्रमात सांगायचं की हे गाणं अमुक ताईंनी शिकवलं, त्यांच्या आईकडून आलं, व्हिडिओ टाकायच्या आधी त्यांना दाखवायचा. जात्यावरच्या ओव्यांचं जे मोठं काम झालंय, हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हां यांनी सुरू केलेलं, एक लाखाहून जास्त ओव्या, त्यात गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव नोंदवलेलं आहे. ‘पारंपरिक’ असा एक शब्द लिहून तिचं नाव पुसलं नाही. आपल्या तीस माणसांच्या गटाला हे करणं काहीच अवघड नाही.

तुम्ही लिहिलंय की पहिला कार्यक्रम सोसायटीच्या गणपतीत ठेवलाय. ठेवा, गणपतीसमोर गायला ज्यांना आवडतं त्यांना गाऊ दे, पण तो या गटाचा एकमेव कार्यक्रम असू नये. १ मे धरा, महाराष्ट्र दिनही आहे आणि कामगार दिनही, कुणालाच मान वळवायला लागत नाही, आणि आगरी हळदीचं गाणं, वामनदादा, मांडो, तमिळ आजींचा अभंग आणि गुजराती शेजाऱ्यांचा टाळ्यांवरचा गरबा सगळं त्यात बसतं. गळालेल्या माणसांना स्वतः फोन करा, मेसेज नको. ‘का येत नाही’ विचारू नका, त्याचं खरं उत्तर कुणी देत नाही. तुमच्या घरचं एक गाणं आम्हाला शिकवायला याल का एवढंच विचारा, आणि त्यांची सोयीची वेळ विचारून ती प्रॅक्टिस त्या वेळेला ठेवा.